गर्दीत मदत मागावी कशी, करावी कशी

गाडीत शेजारचा माणूस घामाघूम होऊन खाली बसला तर चेन ओढायची, की पुढचं स्टेशन येऊ द्यायचं? दारातून कोणी पडताना दिसलं तर सांगायचं कोणाला? शंभर माणसांच्या डब्यात एखाद्या बाईला कोणी त्रास देत असेल, तर मध्ये मीच का पडायचं? आणि पडलोच, तर पुढे पोलीस-कोर्टाच्या फेऱ्या मारत बसायचं का? ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात रोज लोकलने जाणारे वाचक हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ, एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि त्यातले चौघे त्याच दिवशी दगावले. त्यानंतर हे प्रश्न या भागातल्या कोणत्याच घराला लांबचे वाटत नाहीत.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत असते: हल्ली कोणाला कोणाचं पडलेलं नाही. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय धोक्याची आहे. कारण ती ज्याच्या मनात पक्की बसते तो अडचणीत सापडल्यावर मदत मागतच नाही, आणि दुसरा अडचणीत दिसला तर हात पुढे करत नाही. माणसं गर्दीत एकत्र आल्यावर कशी वागतात याचा साठ वर्षांचा अभ्यास वेगळंच सांगतो. गर्दी बहुतेक वेळा निर्दय नसते, ती संभ्रमात असते. काय चाललंय ते तिला कळलेलं नसतं, आणि पुढे कोणी व्हायचं ते ठरलेलं नसतं. हा संभ्रम एका वाक्याने फुटू शकतो, आणि ते वाक्य शिकता येतं.

गर्दी गप्प का राहते

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा पहाटे रस्त्यावर खून झाला. ३८ शेजारी नुसते बघत राहिले, अशी बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली आणि जगभर शहरी माणसाच्या नावाने बोटं मोडली गेली. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी मात्र प्रश्न उलटा विचारला: इतके लोक असूनही कोणी का आलं नाही असं न म्हणता, इतके लोक होते म्हणूनच तर कोणी आलं नाही ना? १९६८ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला सांगितलं होतं. बोलता बोलता पलीकडच्या एकाला फिट आल्याचा आवाज येई, जो खरं तर आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के लोक फिट संपायच्या आत मदतीसाठी धावले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जे उठले नाहीत ते निवांत बसले नव्हते. त्यांच्या हातांना घाम सुटला होता, काहींचे हात थरथरत होते. जावं की न जावं, या कात्रीत ते अडकले होते.

त्याच दोघांच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला गेला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोन माणसं ठरवून थंडपणे बसवली, तेव्हा सांगणारे फक्त १० टक्के उरले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, तो शांत दिसतो, म्हणजे काळजीचं काही नसावं असं ठरवतो; आणि त्याच वेळी आपलाही शांत चेहरा दुसऱ्याला हेच सांगत असतो. साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये कानात इअरफोन, नजर मोबाइलवर, कोपरसुद्धा हलवायला जागा नाही. तिथे तर सगळेच चेहरे शांत दिसणार.

घाईचा परिणामही मोठा असतो. १९७३ मध्ये डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन यांनी धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला असे. हातात वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले १० टक्केच थांबले. ज्यांचं शिक्षणच परोपकाराचं होतं, त्यांची ही गत. तेव्हा ८.१७ ची गाडी चुकली तर हाफ डे लागणाऱ्या माणसाने वळून पाहिलं नाही, यावरून त्याच्या स्वभावाचा निकाल लावू नका.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय उपयोग?"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. पहिली गोष्ट अशी की परदेशातसुद्धा गोष्ट १९६८ वर संपलेली नाही. जिनोव्हीज प्रकरणातली ३८ जणांची कहाणी नंतर तपासून पाहिली तेव्हा ती बरीच फुगवलेली निघाली. एक शेजारीण खाली धावत गेली होती आणि तिने शेवटपर्यंत किटीला धरून ठेवलं होतं. १९६९ चा एक अभ्यास तर थेट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला आहे. दोन स्टेशनांमध्ये सात-साडेसात मिनिटं न थांबणाऱ्या गाडीत एक माणूस कोसळल्याचं नाटक करी. हातात काठी असलेला, आजारी दिसणारा माणूस पडला तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून धावले. दारू प्यायल्यासारखा दिसणारा पडला तेव्हा मात्र निम्म्याच वेळा. अलीकडे ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तितकी ही शक्यता वाढत होती.

मग बंद खोल्यांतल्या प्रयोगात आणि या निष्कर्षांत एवढा फरक का? कारण गाडीत पडलेला माणूस सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसतो, त्याला काय झालंय ते कळतं, आणि एकमेकांची प्रतिक्रियाही दिसते. संभ्रम संपला की गर्दीच मदतीला येते. याचा पुरावा आपल्या दारात आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात रुळांवरून चालत निघालेल्या लोकांना अनोळखी घरांनी पाणी, बिस्किटं, रात्रीपुरती जागा दिली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढताना बचाव पथकांबरोबर आसपासच्या गावांतले लोकही होते. तीच ही माणसं, जी एरवी चौथ्या सीटसाठी हुज्जत घालतात.

मदत तुम्हाला हवी असेल तर

"कोणीतरी मदत करा" हे वाक्य सर्वांना उद्देशून असतं, म्हणून ते कोणालाच लागू होत नाही. त्याऐवजी:

- एकाला निवडा. "निळ्या शर्टवाले दादा, तुम्हीच. मला चक्कर येतेय, हात धरा." कपड्याचा रंग, चष्मा, बॅग, काहीही सांगा, पण बोट एकाकडेच दाखवा. दुसऱ्याला वेगळं काम द्या: "ताई, तुम्ही रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावा."
- काय होतंय ते स्पष्ट शब्दांत सांगा. "बरं वाटत नाहीये" यातून काही कळत नाही. "छातीत दुखतंय", "माझी साखर उतरलीय, गोड द्या" यातून कळतं.
- त्रास देणारा अनोळखी असेल तर तसं ओरडून सांगा. "मी याला ओळखत नाही, हा मला त्रास देतोय." १९७६ च्या एका प्रयोगात पुरुष बाईवर हात टाकतोय असं दृश्य उभं केलं होतं. ती "मी तुला ओळखत नाही" म्हणाली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. "तुझ्याशी लग्नच का केलं" असं म्हणाली तेव्हा १९ टक्के. लोक गप्प राहतात ते पुष्कळदा "नवरा-बायकोचं भांडण असेल" या तर्काने. नवरा असला तरी मारहाण हा गुन्हाच आहे; पण तुमची सुटका आधी व्हायला हवी, म्हणून हे लक्षात ठेवा.
- आधीच सांगून ठेवा. गरोदर असाल, मधुमेह किंवा फिटचा त्रास असेल, तर गाडीत शिरल्यावर शेजारच्याला सांगा: "काकू, मला फिटचा त्रास आहे, दादरपर्यंत जरा लक्ष ठेवा."

शेवटचा मुद्दा अनेकांना भिडेपोटी जमत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबू या. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस आपला रेडिओ चादरीवर ठेवून निघून जाई आणि मग दुसरा तो 'चोरी'. शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं नसेल तर २० पैकी चौघांनी चोराला अडवलं. "जरा सामानावर लक्ष ठेवाल का?" एवढं विचारलं असेल तर २० पैकी १९ जणांनी. माणसं तीच, किनारा तोच. एका होकाराने जबाबदारीवर नाव लिहिलं जातं. तुम्ही सांगितल्याने समोरच्याला ओझं होईल ही भीती बाजूला ठेवा. आपल्याकडून नेमकं काय हवंय ते कळल्यावर बहुतेकांना उलट मोकळं वाटतं.

मदत तुम्ही करणार असाल तर

पहिलं काम मोठं नाही. जे दिसतंय ते मोठ्याने बोला. "हे काका पडले, यांना श्वास घ्यायला त्रास होतोय." तुमच्या या एका वाक्याने आसपासच्या वीस जणांचे शांत चेहरे बदलतात. मग कामं वाटा: एकाने फोन, एकाने जागा मोकळी करायची, एकाने बॅग आणि मोबाइल सांभाळायचा. चौकशी करून गैरसमज निघाला तर? थोडं ओशाळल्यासारखं होईल, इतकंच. त्या बदल्यात एखाद्याचा जीव वाचण्याची शक्यता आहे. हा हिशेब घरी शांतपणे करून ठेवा. ऐन वेळी तो सुचत नाही.

*कोणी आजारी पडलं तर* चेन ओढण्याआधी विचार करा. सबळ कारण नसताना चेन ओढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली गुन्हा आहे. आजारपण हे खरं कारण आहे, पण मुद्दा कायद्याचा कमी आणि उपयोगाचा जास्त आहे. गाडी खाडीच्या पुलावर थांबली तर तिथे स्ट्रेचर येणार कसं? १३९ वर गाडी, डबा आणि पुढचं स्टेशन सांगा, म्हणजे प्लॅटफॉर्मवर माणसं तयार राहतील. फास्ट गाडी ठाण्यानंतर मधली स्टेशनं सोडून जात असेल तर फोन जितका लवकर, तितकं चांगलं. उतरल्यावर १०८ ची रुग्णवाहिका आहेच. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नका, हातात किल्ल्या कोंबू नका, दातांमध्ये चमचा किंवा बोट घालू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली बॅग ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ती तातडीची स्थिती समजा.

*दारातून कोणी पडलं तर* चेन ओढायला सबळ कारण आहे. प्लॅटफॉर्मच्या फटीत कोणी अडकलं किंवा फरफटत गेलं, तर क्षणाचाही विचार करू नका. पण धावती गाडी थांबेपर्यंत बरीच पुढे गेलेली असते, म्हणून रुळांकडेच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा बघा, तो दिसला नाही तर कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आणि कोणत्या दिशेच्या लाइनवर ते लक्षात ठेवा. ही माहिती १३९ ला किंवा पुढच्या स्टेशनवर स्टेशन मास्तरांना द्या. स्वतः रुळांवर उतरू नका. शेजारच्या लाइनवरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही.

*कोणी बाईला त्रास देत असेल तर* हाणामारी करण्याची गरज नाही. "ताई, इकडे या, इथे उभ्या राहा" एवढं म्हणत दोघांच्या मध्ये उभं राहिलं तरी बरंच काही साधतं. तिला काय हवंय ते विचारा. मग आजूबाजूच्या एक-दोघांना सोबत घेऊन लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर फोन करा. चित्रण करायचं असेल तर मदत सुरू झाल्यानंतर, आणि ते पोलिसांसाठी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून त्या बाईची ओळख उघड करू नका.

आपला ग्रुप आणि बाकीचे

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपल्या लोकलमधले ग्रुप ही फार चांगली व्यवस्था आहे. कोणी आठ दिवस दिसलं नाही तर फोन जातो, कोणाच्या घरी आजारपण असेल तर पैसे गोळा होतात. पण हीच आपुलकी दारात उलटी फिरते. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत दिव्याला चढणाऱ्यांना दार मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. २००५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुटबॉलप्रेमींसमोर एक माणूस घसरून पडे. अंगात आपल्या संघाचा शर्ट असेल तर लोक धावत, विरोधी संघाचा असेल तर फार कमी. मात्र आधी 'आपण सगळे फुटबॉलप्रेमी' अशी चर्चा झाली असेल, तर विरोधी शर्टवाल्यालाही मदत मिळाली. 'आपला' कोण, याची रेघ हलवता येते. तुमच्या ग्रुपमध्ये तुमचा शब्द चालत असेल तर दारात अडून उभं राहण्याचा हट्ट सोडायला लावा, आणि कोणी पडल्यावर "कुठला आहे?" विचारण्याऐवजी "आपल्याच गाडीतला आहे" असं म्हणा. गर्दी कमी करण्याचं काम रेल्वेचं आणि सरकारचं आहे, ते प्रवाशांच्या सद्‌वर्तनावर ढकलता येणार नाही. पण गाड्या वाढेपर्यंत त्या दारात आपणच एकमेकांशेजारी उभे असणार आहोत.

पोलिसांच्या फेऱ्या: कायदा काय म्हणतो

- घोडबंदर रोड, शिळ रोड किंवा कुठल्याही रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं आणि २०२० मध्ये नियम झाले. जखमीला रुग्णालयात पोहोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.
- हे कलम रेल्वे अपघाताला लागू नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० उपयोगी आहे: संमती घेणं शक्य नसताना, एखाद्याच्या भल्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीतून इजा झाली तरी तो गुन्हा ठरत नाही.
- सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालानुसार तातडीचे उपचार देणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. "आधी पोलीस केस" म्हणून थांबवता येत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा खासगी, सगळ्यांना हे लागू आहे.
- घटना ठाणे-दिव्यादरम्यान घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कल्याणला नोंदवता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही.
- साक्षीदार महिला असेल, किंवा पुरुष १५ वर्षांखालचा वा ६० वर्षांवरचा असेल, तर जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं.

एवढं असूनही लोक जबाब टाळतात, आणि "आपण मदत केली, पुढचं आपलं काम नाही" असं म्हणतात. हा विचार समजण्यासारखा आहे, तरी तो सोडावा असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली कुटुंबाला ८ लाख रुपये भरपाई मिळू शकते, त्यासाठी एका वर्षात रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तोच माणूस रूळ ओलांडताना गाडीखाली आला असं ठरलं तर मात्र भरपाई नाकारली जाते. रुळांकडेला सापडलेल्या देहावरून तो पडला की ओलांडत होता, हे सांगणार कोण? डब्यात शेजारी उभा असलेला प्रवासी. तुमच्या चार ओळींच्या जबाबावर एखाद्या घराची पुढची वर्षं अवलंबून असू शकतात. गाडीची वेळ, डबा, तो कुठे उभा होता आणि कसा पडला, एवढं त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आठवण आठवड्याभरात आकार बदलते.

मुलांना काय शिकवाल

मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त उचलतात, हे अल्बर्ट बांदुराच्या १९६१ च्या प्रयोगापासून सर्वमान्य आहे. मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी तसंच मारलं, तेच शब्द वापरले. चांगलं वागणंही याच वाटेने शिकलं जातं. प्लॅटफॉर्मवर पडलेल्या माणसाला वळसा घालून तुम्ही मुलाचा हात ओढत निघालात, तर घरच्या संस्कारवर्गाचा उपयोग नाही. मुलाला दोन वाक्यं पाठ करून द्या आणि घरी नाटक करून म्हणून घ्या: "मी यांना ओळखत नाही" आणि "काकू, मी हरवलोय, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन लावा". क्लासला एकट्याने लोकलने जाऊ लागलेल्या मुलांना तर नक्कीच. मोठ्यांनाही हे शिकवून जमतं. १९७८ च्या एका अभ्यासात गर्दीच्या मौनाबद्दल माहिती मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांनी दोन आठवड्यांनंतर वाटेत पडलेल्या माणसाला मदत केली. माहिती न मिळालेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं.

अपघात डोळ्यांनी पाहिला असेल तर

पुढचे काही दिवस झोप न लागणं, गाडीत चढताना छातीत धडधडणं, तेच दृश्य पुन्हापुन्हा दिसणं हे होऊ शकतं. हा दुबळेपणा नाही. त्या घटनेचा व्हिडिओ पुन्हा पाहू नका, घरी किंवा ग्रुपमध्ये कोणाशी तरी बोला, आणि शक्य झालं तर सोबत घेऊन, कमी गर्दीच्या वेळी लोकलचा प्रवास पुन्हा सुरू करा. टाळत राहिल्याने भीती वाढते. महिन्यानंतरही त्रास तसाच राहिला, किंवा "मी हात धरला असता तर" हा विचार पाठ सोडत नसेल, तर तज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही. जाताना एकटे जाऊ नका. घरातल्या एकाला नाव घेऊन सांगा: "तू चल माझ्याबरोबर."